पत आणि पत्ता

'पत' आणि 'पत्ता' या दोन शब्दांच्या व्युत्पत्तीची चर्चा पंडितांवर सोपवू. व्यवहारात मात्र त्यांचे नाते फार घट्ट आहे. ज्याला पत्ता नाही त्याला कोणी उधार देत नाही, आणि ज्याला कोणी उधार देत नाही त्याला गावात राहूनही गाव आपले वाटत नाही. आपण जन्मापासून एकाच गावात वाढलेली माणसे या दोन गोष्टी हवेसारख्या गृहीत धरतो. वाण्याकडे पैसे विसरून गेलो तर तो 'असू द्या, उद्या द्या' म्हणतो. त्या तीन-चार शब्दांमागे आपल्या वाडवडिलांचा दोन-तीन पिढ्यांचा वास असतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. ज्याचे गाव एका रात्रीत परदेश झाले, त्याला मात्र हे शब्द नव्याने कमवावे लागतात. ते तो कसे कमावतो, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरण घ्यायचे आहे ते जबलपूरचे, आणि त्यातही मी जिथे राहतो त्या घमापुराच्या परिसरातले: फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांचे आणि त्यांच्या लहान लहान दुकानांचे.

जबलपूर हे मुळातच येणाऱ्यांचे शहर आहे. गोंड राजांच्या गढा-मंडल्याचा हा मुलूख १७८१ साली सागरच्या मराठ्यांकडे गेला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि पुढे वीस वर्षांतच इंग्रजांच्या हाती पडला. भोसल्यांच्या मागोमाग कारकून, पुराणिक, शिलेदार आले. त्यांतले काही राहिले. १८६७ साली अलाहाबादकडून रेल्वे आली. १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग तिला येथेच मिळाला आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे जोडली गेली. रेल्वेबरोबर बंगाली बाबू आले, पारशी आले, मराठी मास्तर आणि गार्ड आले. १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. प्रत्येक कारखान्याने आपापले कामगार दूरदूरच्या प्रांतांतून ओढून आणले.

व्यापारासाठी आलेल्यांतही सिंधी पहिले नव्हेत. १८९९ साली गुजरातेत जो भीषण दुष्काळ पडला, ज्याला तिकडे छप्पनिया म्हणतात, त्यामुळे अनेक पाटीदार कुटुंबे पोटामागे मध्य प्रांतात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी अशाच गुजराती मंडळींनी जबलपुरात विडीचा धंदा उभा केला. भोवतालच्या जंगलात तेंदूचे पान मुबलक होते आणि हाताला काम हवे असलेली माणसेही मुबलक होती. या दोहोंची गाठ घालून देण्याचे काम परक्या माणसाने केले. वर्षानुवर्षे त्या पानाशेजारून जाणाऱ्या स्थानिकांना जे दिसले नाही ते नव्याने आलेल्याला दिसावे, हे स्थलांतराच्या इतिहासात वारंवार घडते. त्याचे कारण नवागताची बुद्धी अधिक तीक्ष्ण असते हे नसून त्याची गरज अधिक तीव्र असते हे आहे.

परंतु दुष्काळाने आलेल्या गुजराती माणसाच्या मागे त्याचे गाव शिल्लक होते. पाऊस पडला की ते पुन्हा हिरवे होणार होते. लग्नकार्याला, कुलदेवतेच्या दर्शनाला तो परत जाऊ शकत होता. सिंधी माणसाची गोष्ट याहून वेगळी आहे.

सिंध प्रांत इंग्रजांनी १८४३ साली जिंकला आणि १८४७ पासून १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्याचा एक भाग होता. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे कराची आणि पुणे यांचा कारभार एकाच सचिवालयातून चालत असे. कराचीत मराठी वस्ती होती. तेथील एका नामांकित सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव दिलेले आहे. सिंधी भाषेला शाळेत आणि दप्तरात स्थान मिळवून देण्याच्या कामात या गृहस्थांचा मोठा वाटा होता. तेव्हा सिंधी माणूस आपल्याला अगदीच अनोळखी नव्हता. फाळणीच्या वेळी पंजाब आणि बंगाल यांची वाटणी झाली. तेथील निर्वासितांना निदान अर्धा प्रांत तरी सीमेच्या अलीकडे उरला, जेथे त्यांची भाषा बोलली जात होती आणि त्यांचे सण साजरे होत होते. सिंधची वाटणी झाली नाही. तो सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना मागे जाण्यास घर उरले नाही आणि पुढे जाण्यास प्रांतही मिळाला नाही.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये पंजाबात रक्ताचे पाट वाहत असताना सिंध त्या मानाने शांत होता. अनेकांनी गाव सोडायचे नाही असेच ठरवले होते. पण ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि लोकांचा धीर सुटला. कराचीहून मुंबईला आणि काठेवाडच्या बंदरांना बोटी भरभरून येऊ लागल्या. मारवाडकडे जाणाऱ्या रेल्वेनेही हजारो लोक आले. जे मुंबईला उतरले त्यांतील पुष्कळांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवले गेले. त्याच वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन उल्हासनगर हे नाव मिळाले. पुण्याजवळ पिंपरीस अशीच वसाहत झाली. भोपाळजवळच्या बैरागढला महायुद्धात इटालियन युद्धकैदी ठेवले होते. त्या बराकींत आता सिंधी कुटुंबे आली. तेव्हा जबलपूर जिल्ह्यातच असलेल्या कटनी येथे माधवनगरची वसाहत झाली. जबलपूर शहरातही जिथे छप्पर मिळेल तिथे माणसे राहू लागली. १९५१ च्या जनगणनेत देशभरातील विस्थापितांची संख्या सुमारे ७३ लाख भरली. या आकड्यात जबलपूरचा वाटा थोडा होता. परंतु ज्या शहरात ती माणसे आली त्या शहराला तो थोडा वाटला नसणार.

शासनाने या काळात काय केले, हे सांगणे माझ्यासारख्या सरकारी नोकराला सोपे आहे, कारण त्याचे कागद आहेत. सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्रात मदत व पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते निघाले. १९४८ साली विस्थापितांना उद्योगधंद्यासाठी कर्ज देणारी पुनर्वसन वित्त संस्था कायद्याने स्थापन झाली. १९५० मध्ये दाव्यांचा आणि निष्क्रांत मालमत्तेचा असे दोन कायदे झाले. १९५४ मध्ये नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा आला. पाकिस्तानात टाकून आलेल्या घराचा, जमिनीचा दावा दाखल करायचा, त्याची पडताळणी व्हायची आणि भरपाई ठरायची. दावा जितका मोठा तितके भरपाईचे प्रमाण कमी, असे सूत्र होते. ते न्याय्यच होते. मोठ्या वाड्याचा मालक आणि दोन खोल्यांचा मालक हे दोघेही आता सारखेच बेघर होते.

या कामात एक नाजूक गोष्ट होती. जी घरे विस्थापितांना दिली गेली त्यांतली पुष्कळशी निष्क्रांतांची, म्हणजे इकडून पाकिस्तानात गेलेल्या मुसलमान कुटुंबांची होती. एका उजाड झालेल्या माणसाला दुसऱ्या उजाड झालेल्या माणसाच्या घरात बसवायचे, असा तो व्यवहार होता. भिंतीतले कोनाडे, चुलीचा काळा ठसा, दाराच्या चौकटीवरील कुणाच्या तरी मुलांची उंची मोजल्याच्या खुणा यांसह ते घर हाती येई. कायद्याने ते घर नव्या माणसाचे होई, आणि तसे होणे आवश्यकच होते. पण कायद्याने मिळालेल्या घरात पहिली रात्र काढणाऱ्याला ते आपले वाटत असेल काय, हा प्रश्न कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही.

तात्पर्य, शासनाने पत्ता दिला. शिधापत्रिका दिली, बराकीचा क्रमांक दिला, कालांतराने भरपाई दिली. शासनाच्या हातात जे होते ते दिले. पत मात्र शासनाला देता येत नाही. ती एका माणसाने दुसऱ्याला द्यावी लागते.

येथे दुकानाचा संबंध येतो. एक समज असा आहे की सिंधी माणूस हा जन्मजात व्यापारी, म्हणून त्याने दुकान काढले. हे अर्धसत्य आहे. सिंध हैदराबादचे व्यापारी 'सिंधवर्की' या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जिब्राल्टर, माल्टा ते जपानपर्यंत पेढ्या चालवीत होते आणि शिकारपूरच्या सावकारांची हुंडी मध्य आशियात वटत असे, हे खरे आहे. पण आलेल्यांत असे बडे व्यापारी थोडेच होते. आणि ज्यांच्या पेढ्या परदेशांत होत्या ते जबलपूरला कशाला येतील? जे आले त्यांत खेड्यांतले किरकोळ दुकानदार होते, जमीनदारांचे मुनीम होते, शाळामास्तर होते. पिढ्यान् पिढ्या सरकारी दप्तरात काम करणारे आमिलही होते. आमिल म्हणजे आपल्याकडच्या कारकुनी पेशाच्या घराण्यांसारखे लोक. तागडी हातात धरणे त्यांच्या कुळाला कमीपणाचे वाटे. त्यांनीही तागडी धरली.

याचे कारण सरळ आहे. नोकरीला दाखला लागतो, शिफारस लागते, प्रांताची भाषा लागते. शेतीला जमीन लागते, आणि जमीन कोणी सोडत नाही. दुकानाला मात्र रस्त्याच्या कडेची चार हात जागा पुरते. तीही नसली तर खांद्यावर गाठोडे टाकून फेरी करता येते. गिऱ्हाईक विकणाऱ्याचे गोत्र विचारीत नाही, भाव विचारते. म्हणून कालचा मास्तर आज साबणाच्या वड्या विकू लागला. कालच्या मुनिमाचा मुलगा रेल्वेच्या डब्यांतून गोळ्या, कंगवे, सुया घेऊन हिंडू लागला.

या धंद्याचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. जुना दुकानदार रुपयामागे दोन आणे नफा ठेवी आणि महिन्यातून एकदा माल खपवी, असे समजा. नवागत एक आणाच घेई, पण तोच रुपया महिन्यातून चार वेळा फिरवी. महिन्याच्या अखेरीस जुन्याच्या हाती दोन आणे पडत, नव्याच्या हाती चार. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे की हा तोट्यात विकतो आहे, यात काहीतरी काळेबेरे असावे. काळेबेरे काही नव्हते. पहाटे उठणे, रात्री उशिरा फळी लावणे, घरातल्या सर्वांनी राबणे आणि नफा अंगावर न घालता पुन्हा मालात घालणे, एवढेच त्यातले रहस्य होते. ज्याच्याजवळ भांडवल नाही तो वेळेचे भांडवल करतो.

पहिला माल मात्र कोणीतरी उधारीवर द्यावा लागे. शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याने आठ दिवसांच्या बोलीवर कापडाचे चार तुकडे दिले. सहाव्या दिवशी पैसे परत आले. पुढच्या खेपेला त्याने आठ तुकडे दिले. पतीची पहिली वीट ही अशी बसली. असा व्यापारी कधी जातभाई असे, पण अनेकदा तो येथला जुना जैन, अगरवाल, बोहरा किंवा गुजराती असे. परक्या माणसाला केवळ त्याच्या शब्दावर माल देणाऱ्या या लोकांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत. पुनर्वसनाच्या इतिहासात त्यांना स्थान असायला हवे असे मला वाटते.

आता घमापुराकडे वळू. हा भाग शहराच्या पूर्वेस, रांझी आणि खमरियाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. कारखान्यांच्या पाळ्या सुटू लागल्या की सायकलींची, आणि अलीकडे मोटारसायकलींची, रांग या बाजूने वाहू लागते. कामगारांच्या, रेल्वेच्या माणसांच्या, लहान पगारदारांच्या वस्त्या या भागात दाट आहेत. पगारदार माणसाची एक ठराविक अडचण असते: पैसा महिन्यातून एकदा येतो, भूक मात्र रोज लागते. महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर त्याला असा दुकानदार हवा असतो जो खात्यावर लिहून माल देईल.

येथे व्यवहाराची दिशा उलटते, आणि माझ्या मते नवागताच्या आयुष्यातला खरा बदल येथे होतो. काल जो इतरांकडे उधार मागत होता तो आज इतरांना उधार देऊ लागतो. त्यासाठी त्याला माणसे ओळखावी लागतात. कोणाचा पगार कोणत्या तारखेस होतो, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची मुलगी लग्नाला आली आहे, कोण पितो आणि कोण पीत नाही, हे सगळे त्याला ठाऊक असावे लागते. त्याची खातेवही ही त्या वस्तीची जनगणना असते. शिरगणती करणारा सरकारी माणूस दहा वर्षांतून एकदा येतो. दुकानदार ती रोज करतो. हळूहळू तो बुंदेली वळणाची हिंदी बोलू लागतो, वस्तीतल्या मयताला खांदा देतो, गणपतीची आणि दुर्गेची वर्गणी देतो. एखाद्या वर्षी असेही होते की नव्याने बदलून आलेला कारकून घर शोधीत त्याच्याच दुकानापाशी थांबतो आणि अमुक गृहस्थ कोठे राहतात हे त्यालाच विचारतो. ज्याला स्वतःचा पत्ता नव्हता तो आता दुसऱ्यांचे पत्ते सांगू लागलेला असतो.

या उभारणीत स्त्रियांचा वाटा केवढा होता हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. सिंधी घरी पाहुणा गेला की त्याच्यापुढे पापड आणि पाणी ठेवण्याची रीत आहे. सिंधच्या उन्हाळ्यात घामाने गेलेले मीठ भरून काढण्यासाठी ती पडली असावी. छावणीत पाहुण्याला देण्यासारखे दुसरे काही नव्हते तेव्हाही पापड होता. पुढे तोच पापड विक्रीला गेला. बराकीच्या अंगणात, खाटांवर, दोरीवर पापड वाळत असत, लोणची मुरत असत, कपडे शिवले जात असत. घरातल्या मुली शाळेतून आल्या की लाटायला बसत. घरातले दागिने विकून आलेला पैसा पहिल्या मालात गेला, तो परत दागिन्यांत येण्यास बराच काळ जावा लागला. दुकानाच्या पाटीवर नाव वडिलांचे किंवा मुलाचे असते. पाटीमागचे कष्ट निम्म्याहून अधिक घरातल्या बायकांचे होते.

या साऱ्याचे चित्र गोड रंगांत रंगविण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. जुन्या दुकानदारांना हे नवे लोक आवडले नाहीत. भाव पाडतात, रस्ता अडवतात, भलत्या वेळी दुकान उघडे ठेवतात, अशा तक्रारी जवळजवळ प्रत्येक शहरात झाल्या. 'शरणार्थी' हा शब्द काही वर्षे शिवीसारखा वापरला गेला. त्याला उत्तर म्हणून विस्थापितांनी स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेण्यास सुरुवात केली. या प्रत्युत्तरात स्वाभिमान आहे, तसा थोडा घायाळपणाही आहे. ज्याला कोणी दुखावलेले नाही त्याला असा शब्द शोधावा लागत नाही.

बाजारपेठ माणसांना जवळ आणते हे खरे, पण ती आपोआप सलोखा निर्माण करते असे समजणे भाबडेपणाचे होईल. फेब्रुवारी १९६१ मध्ये याच जबलपुरात हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. तिची कारणे सांगताना अभ्यासकांनी विडीच्या धंद्यातील चढाओढीचाही उल्लेख केला आहे. वर्षानुवर्षे एकमेकांच्या दुकानांच्या पायऱ्या चढलेली माणसे चार दिवसांत परकी होऊ शकतात. पत ही मंद गतीने वाढणारी आणि झटकन् जळणारी वस्तू आहे. जे लोक स्वतः दंगलीतून पळून आले होते त्यांनी नव्या गावात पुन्हा धूर पाहिला असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

दुसरी किंमत भाषेची. सिंधमधल्या व्यापाऱ्यांची हिशेबाची एक स्वतंत्र लिपी होती. तिला हटवाणिका म्हणत. शिक्षणासाठी आणि साहित्यासाठी अरबी वळणाची सिंधी लिपी होती. येथे आल्यावर मुले हिंदी शाळेत गेली. सिंधी ही अरबी वळणाच्या लिपीत लिहावी की देवनागरीत, यावर विद्वानांत वर्षानुवर्षे वाद चालला, आणि तो चालू असतानाच एक पिढी मोठी होऊन गेली. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. तो मान मोठा होता. परंतु ज्या भाषेला स्वतःचे राज्य नाही, तिला घराच्या चार भिंतींखेरीज आसरा नसतो. माझ्या परिचयाच्या एका वयोवृद्ध दुकानदारांच्या घरी वडिलांच्या हातची एक जुनी वही जपून ठेवलेली आहे. त्यांना स्वतःला तिच्यातले थोडेफार कळते, मुलाला मुळीच कळत नाही, आणि नातू ती उलटीकडून उघडतो. त्या वहीत बहुधा उधारीचे हिशेब असावेत, असे ते म्हणतात. सिंधमध्ये कोणाकडून किती येणे राहिले हे त्यात लिहिलेले असणार. ते येणे आता वसूल व्हायचे नाही, पण वही टाकवतही नाही.

सिंधी माणसाचे हे चित्र पाहताना येथल्या मराठी माणसाची तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. आम्ही या शहरात त्यांच्या कितीतरी आधी आलो. येथे आमच्या शाळा आहेत, मंडळे आहेत, गणेशोत्सव आहे. १९५६ पर्यंत या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्यामुळे कचेरीत मराठी कानावर पडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली; विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, राजधानी भोपाळला झाली. आमच्या आधीच्या पिढीतील अनेक मराठी नोकरदारांनी तेव्हा बदली मागून घेतली. जे राहिले त्यांच्यापैकी पुष्कळांनी निवृत्तीनंतरचे घर मनाने नागपूर-पुण्यालाच बांधून ठेवलेले होते. नोकरदाराला परतीची वाट मोकळी असते, आणि परतीची वाट मोकळी असलेला माणूस दोन्हीकडे थोडथोडा राहतो. आम्ही येथे दीडशे-दोनशे वर्षे राहून किती दुकाने काढली? मोजायला एका हाताची बोटे पुरतील असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल. पण फार नाही. आम्हाला पत्ता लवकर मिळाला, कारण तो सरकारी निवासस्थानाचा होता. शेजाऱ्याच्या खातेवहीत मात्र आमचे नाव नेहमी घेणेकऱ्याचे राहिले, देणाऱ्याचे क्वचितच झाले. हे गुणदोषाच्या भावनेने म्हणत नाही. दोन प्रकारच्या वास्तव्यांतला फरक ध्यानात यावा म्हणून म्हणतो.

आणि तरी ऋतुचक्राने आम्हाला शेजारी बसवलेच आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेला आमच्या दारी गुढी उभी राहते. त्याच सुमारास, बहुधा दुसऱ्याच दिवशी, चंद्रदर्शनाला सिंधी समाजाचा चेटीचंड येतो. झुलेलालांच्या नावाने दिवा, फुले, नैवेद्य यांनी सजवलेला बहिराणा वाजतगाजत पाण्यावर नेतात आणि ज्योत पाण्यात सोडतात. झुलेलाल हे जलदैवत. पूर्वी ते पाणी सिंधूचे असे. आज जबलपुरात ते नर्मदेचे असते किंवा एखाद्या तलावाचे. दैवतही पाणी बदलून राहू शकते, हे ज्या समाजाने मान्य केले तो समाज कोठेही घर करू शकतो. मात्र त्या क्षणी वृद्धांच्या डोळ्यांसमोर कोणती नदी उभी राहत असे, हे विचारण्याचे धैर्य आपण करू नये.

असेच अन्यत्रही घडले आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाचे हुकूमशहा इदी अमीन यांनी तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. सत्तावीस हजारांहून अधिक लोक ब्रिटनमध्ये गेले. त्यांत गुजराती पुष्कळ होते. लेस्टरच्या नगरपालिकेने तर आमच्या गावी येऊ नका अशी जाहिरात युगांडातील वृत्तपत्रात दिली होती. तरीही माणसे लेस्टरला गेली, कोपऱ्यावरची दुकाने घेतली, रविवारी आणि रात्री ती उघडी ठेवली, आणि एका पिढीत त्या शहराच्या बाजाराची कळा पालटली. आज तेच शहर त्यांचा अभिमानाने उल्लेख करते. देश निराळा, हवा निराळी. पण वेळेचे भांडवल आणि शब्दाची पत हे दोन मूलमंत्र तेच.

हा विषय जुना झाला, असे कोणी म्हणू नये. सिंधमधून हिंदू कुटुंबे येण्याचे पुढील दशकांतही थांबले नाही. मध्य प्रदेशातील शहरांतूनही अशी कुटुंबे वर्षानुवर्षे व्हिसाची मुदत वाढवून घेत राहिली. २०१६ साली केंद्र सरकारने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून येऊन दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या अल्पसंख्य समाजाच्या लोकांना बँकेत खाते उघडण्याची, राहण्यापुरते घर आणि स्वतःच्या व्यवसायापुरती जागा घेण्याची सवलत दिली. २०१९ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. या दुरुस्तीवरून देशात मोठा वाद झाला. त्याची चर्चा करण्याची ही जागा नाही. मला लक्षात आणून द्यायचे आहे ते २०१६ च्या सवलतींतले तीन शब्द: खाते, घर आणि व्यवसाय. उखडलेल्या माणसाला उभे राहण्यासाठी काय लागते याची याहून आटोपशीर यादी होणार नाही.

परंतु ही यादी कागदावरची आहे. बँकेत खाते शासनाच्या आदेशाने उघडते. वाण्याच्या वहीत ते शेजाऱ्याच्या विश्वासाने उघडते. पहिले मिळाले की माणूस कायद्याने येथला होतो, दुसरे मिळाले की तो मनाने येथला होतो. आपल्या वस्तीत उद्या कोणी नवा माणूस येऊन हातगाडी लावील. त्याची बोली वेगळी असेल, त्याचा भाव दोन पैशांनी कमी असेल, आणि रात्री आपले दुकान बंद झाल्यावरही त्याचा दिवा जळत असेल. त्याच्याकडे कागद आहेत की नाहीत हे पाहणे अधिकाऱ्याचे काम आहे; ते अधिकारी करीलच. त्याच्याशी दोन शब्द बोलणे, त्याचा माल एकदा घेऊन पाहणे आणि कधी काळी त्याच्याजवळ सुट्टे नसले तर 'असू द्या, उद्या द्या' म्हणणे, हे मात्र कोणत्याही खात्याच्या अखत्यारीत येत नाही. ते काम तुमचे-आमचे आहे.